काकांचा ठेका

हसवणारा कवी म्हटला की आपण त्याला 'बरा आहे, टाइमपास' या खात्यात टाकून मोकळे होतो. जणू गंभीर काम त्याच्या बसची गोष्टच नाही! मला हे कधीच पटलेलं नाही. आणि या वादात माझा हुकमाचा साक्षीदार ठरलेला आहे : काका हाथरसी.

उत्तर प्रदेशातल्या हाथरसचे प्रभुलाल गर्ग, जन्म १८ सप्टेंबर १९०६. एका नाटकात त्यांनी केलेली 'काका'ची भूमिका इतकी गाजली की लोक त्यांना काकाच म्हणायला लागले. पुढे हे दाढीवाले काका हिंदी कविसंमेलनांचे स्टार झाले. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं.

आता दुसरी बाजू बघा. याच माणसाने १९३२ मध्ये हाथरसला प्रकाशनाचा व्यवसाय सुरू केला, तोच पुढे 'संगीत कार्यालय' म्हणून नावारूपाला आला. १९३५ पासून 'संगीत' हे मासिक. 'वसंत' या टोपणनावाने लिहिलेलं 'संगीत विशारद' हे पुस्तक. शास्त्रीय संगीताच्या परीक्षेसाठी ते घोकणाऱ्यांपैकी किती जणांना 'वसंत' म्हणजेच काका हे ठाऊक असेल? आणि एक धागा तर थेट आपल्यापर्यंत येतो. पं. भातखंड्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' मूळ मराठीत. तिचा हिंदी अनुवाद छापून घरोघरी पोचवला तो याच संगीत कार्यालयाने.

म्हणजे दिवसा राग-ताल आणि रात्री कोट्या, अशी दोन वेगळी माणसं होती का? मला नाही तसं वाटत. काकांचा आवडता साचा होता कुंडलियाचा. सहा ओळी : आधी दोन ओळींचा दोहा, मग चार ओळींचा रोला, प्रत्येक ओळीत २४ मात्रा. दोह्याचा शेवटचा तुकडा रोल्याच्या सुरुवातीला परत येतो, गाणारा मुखड्यावर परत यावा तसा. तेवढ्यात ऐकणाऱ्याला हसायला आणि पुढची ओळ पकडायला वेळ मिळतो. मग शेवटची ओळ बरोब्बर समेवर! एक मात्रा इकडेतिकडे झाली की विनोद मेला. हे जमायला नुसती गंमत सुचून भागत नाही, कान तयार लागतो.

त्यांचं सगळंच चांगलं आहे असं नाही. 'काकी'च्या नावावर केलेले बायकोवरचे विनोद आज शिळे वाटतात, काही तर खटकतात. पण नाव एक आणि माणूस बरोबर उलटा, यावरची त्यांची लांबलचक यादी आजही आपल्या ऑफिसात खपून जाईल.

१८ सप्टेंबर १९९५ ला, आपल्या वाढदिवशीच, काका गेले. कोणी रडायचं नाही, ही त्यांची इच्छा होती. ती पाळायची म्हणून स्मशानात चक्क हास्य कविसंमेलन झालं. विनोद हा टाइमपास असता तर तो चितेपर्यंत कशाला नेला असता?

असो. फोनवर फॉरवर्ड होऊन आलेली विनोदी कविता आपण एका सेकंदात सरकवून टाकतो. पुढच्या वेळी अशी एखादी आवडली तर मोठ्याने वाचून बघा. ठेका सापडला तर कवी कोण आहे तेही शोधा. तेवढं तर आपण त्याचं देणं लागतो.