कॅमेरा घेऊन जाफराबादेंत

मोठ्या शहरांतून हल्लीं एक नवीन परिपाठ पडला आहे. सुटीच्या दिवशीं भल्या सकाळीं दहापांच हौशी मंडळी कॅमेरे घेऊन जुन्या पेठेंत जमतात, आणि दोन-तीन तास पायीं हिंडून वाडे, वेशी, देवळें, दुकानांच्या जुन्या पाट्या यांचीं छायाचित्रें घेतात. हौस स्तुत्य आहे. आमची तक्रार एवढीच कीं, जीं स्थळें आधींच हजारों वेळां टिपलीं गेलीं, तींच पुन्हा टिपण्यासाठीं रांग लागते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उद्यांहि जागेवर असणार आहे. मराठवाड्यांतल्या एखाद्या तालुक्याच्या गांवची मातीची भिंत पुढच्या पावसाळ्यानंतर उभी असेलच, असें कोण सांगेल? म्हणून या महिन्यांत वाचकांना जालना जिल्ह्यांतील जाफराबादेस नेण्याचा बेत आहे.

गांव पूर्णा आणि केळना या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलें. निजामी अमदानींतल्या औरंगाबादच्या गॅझेटियरांत त्याची थोडक्यांत पण मोलाची नोंद आहे. गांवाभोंवतीं दगडमातीचा तट, तोहि त्याच वेळीं पडझड झालेला. आंत एक लहानशी गढी. सात मशिदी व कितीएक देवळें. औरंगजेबाच्या पदरीं असलेल्या जाफरखान नांवाच्या सरदाराची ही जहागीर, व त्याच्याच नांवावरून गांवचें नांव पडलें, असें तेथें म्हटलें आहे. मुख्य मशिदीवरील फारसी शिलालेखांत हिजरी १०७६, म्हणजे इसवी सन १६६५-६६ हें वर्ष आहे. पाण्याच्या टाक्यावर आणखी एक लेख असून तो याहून जुना आहे : शहाजहानच्या कारकीर्दींत मुस्तफाखानानें हिजरी १०४० मध्यें तें काम पुरें केलें.

या दुसऱ्या तारखेपाशीं वाचकांनीं जरा थांबावें. हिजरी १०४० म्हणजे इसवी सन १६३०-३१. शिवनेरीवर शिवराय जन्मले तो हा सुमार. आणि दख्खन व गुजराथ यांना होरपळून काढणारा भयंकर दुष्काळ पडला, तोहि हाच. तुकोबांच्या प्रपंचाची वाताहत ज्या दुष्काळानें केली म्हणतात, तो हाच काळ. त्या वर्षीं या गांवांत पाण्याचें टाकें बांधून पुरें होत होतें! दुष्काळ आला म्हणून तें बांधलें कीं आधींच हातीं घेतलें होतें, हें दगड सांगत नाहीं. परंतु ज्यानें त्या वर्षीं तेथून घागर भरली असेल, त्याला बांधणाराच्या नांवापेक्षां पाण्याचीच किंमत अधिक वाटली असेल. शिवाय एक गोष्ट सहज ध्यानांत येते. गांवाला नांव देणारा जाफरखान जर औरंगजेबाच्या अमदानींतला, तर टाकें नांवाहूनहि जुनें ठरतें.

असे लेख टिपण्याची एक रीत आहे. भर दुपारीं, सूर्य समोर असतांना, अक्षरें सपाट दिसतात व कांहींच वाचतां येत नाहीं. सकाळीं लवकर किंवा दिवस कलतांना ऊन बाजूनें येतें. मग प्रत्येक अक्षराची सांवली पडून तें उठून दिसतें. ऊन नसेल तर एकानें बाजूनें विजेरी धरावी. लेखाशेजारीं फूटपट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. अक्षरांत खडू घासण्याची किंवा तेल चोळण्याची लोकांना फार हौस असते. तें मुळींच करूं नये. त्यानें चित्र एक दिवस चांगलें येतें आणि दगड कायमचा बिघडतो. मशिदींत जातांना तेथल्या जाणत्या माणसांना आधीं विचारावें, नमाजाची वेळ टाळावी, पादत्राणें बाहेर काढावींत. आपल्या देवळांत येणाराकडून आपण जी अदब अपेक्षितों, तीच येथें पाळावी.

गढीची गोष्ट वेगळी. मराठवाड्यांतल्या गढ्या बहुधा खालीं दगडाच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या असतात. हीच माती माळवदावर घालण्यास उत्तम. त्यामुळें गढी पडूं लागली कीं टोपल्या घेऊन माणसें येतात. याबद्दल त्यांना नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. गळक्या घराखालीं बसून इतिहास सांभाळा, असें कोणाला सांगणार? पण म्हणूनच गढीचें चित्र एकदां घेऊन भागत नाहीं. एका ठरावीक जागेवरून, एकाच दिशेनें, दरवर्षीं दसऱ्याच्या सुमारास एक चित्र घ्यावें. पांच वर्षांचीं पांच चित्रें शेजारीं मांडलीं म्हणजे काय गेलें व किती वेगानें गेलें, तें कोणालाहि कळेल. त्याचप्रमाणें गॅझेटियरकारानें मोजलेल्या सात मशिदी व न मोजलेलीं देवळें आतां पायीं हिंडून पुन्हा मोजावींत.

गांवाबाहेर पडण्यास वेळ असेल त्यांनीं असईपर्यंत जावें. तेंहि याच तालुक्यांत आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा तेथें पराभव झाला. वेलस्लीला वाटाड्यांनीं सांगितलें होतें कीं, नदीला जवळपास उतार नाहीं. त्यानें पाहिलें, तों पिंपळगांव आणि वरूड हीं दोन गांवें नदीच्या दोहों कांठांवर समोरासमोर दिसलीं. अशीं गांवें आहेत त्या अर्थीं मधें उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून तो तिकडे वळला, आणि उतार निघाला. आपल्या पराभवाची आठवण गोड नाहीं. पण डोळे उघडे ठेवून पाहणें म्हणजे काय, याचा एवढा चोख दाखला आमच्या जवळ दुसरा नाहीं.

आतां माणसांविषयीं. ढाळजेंत बसलेल्या आजोबांचें चित्र हवेंसें वाटतें, तर त्यांच्याशीं आधीं दोन शब्द बोलावे. नदीवर धुणें धुणाऱ्या बायकांवर दुरून कॅमेरा रोखणें हा असभ्यपणाच होय, मग चित्र कितीहि सुरेख येवो. गांवांतल्या मुलाबाळांचीं चित्रें त्यांच्या वडील माणसांना विचारल्याविना घेऊं नयेत.

आमच्या मतें ही फेरी एकट्यानें करण्याची नव्हे. नातवाच्या हातीं मोबाईल, सुनेच्या हातीं वही, आणि बरोबर त्या बाजूची कोणी आजी किंवा मावशी असेल तर फारच उत्तम. वेशीचें नांव काय, अमक्या वाड्यांत पूर्वीं कोण राहत, कोणत्या घाटावर गौरी शिरवीत, हें कॅमेऱ्याला दिसत नाहीं. आपल्या घरोघरच्या जुन्या पेट्या उघडून पाहा. लग्नाच्या गटचित्रांत पुढच्या ओळींतल्या पुरुषांचीं नांवें पाठीवर लिहिलेलीं सांपडतात. मागें उभ्या असलेल्या बायकांपैकीं निम्म्या कोण, हें सांगणारें माणूस घरांत उरलेलें नसतें. जें माणसांचें तेंच वाड्यांचें.

चित्रें जतन कशीं करावींत, याला जवळच अजिंठ्याचा दाखला आहे. मेजर रॉबर्ट गिलनें १८४४ पासून वर्षानुवर्षें तेथें राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या रंगीत प्रती केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसांत मांडल्या होत्या; १८६६ च्या आगींत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. त्याच गिलनें घेतलेलीं छायाचित्रें मात्र १८६४ सालीं फर्ग्युसनच्या पुस्तकांतून प्रसिद्ध झालीं होतीं. पुस्तकाच्या प्रती ठिकठिकाणीं गेल्या होत्या, म्हणून तीं आज पाहावयास मिळतात. हल्लीं एका मोबाईलमध्यें हजारों चित्रें मावतात, आणि तो पाण्यांत पडला कीं हजारोंहि जातात. निवडक पंचवीस-तीस चित्रें कागदावर छापून घ्यावींत : एक संच घरीं, एक गांवच्या शाळेंत किंवा वाचनालयांत, एक परगांवच्या नातेवाइकांकडे.

आणि प्रत्येकाच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला होतें तें, व माहिती कोणी सांगितली त्याचा उल्लेख करावा. गांवाचें नांव लिहितांना जिल्हा विसरूं नये. गुजराथेंत अमरेली जिल्ह्यांतहि समुद्रकांठीं एक जाफराबाद आहे. तें जंजिऱ्याच्या नबाबाचें होतें. नुसतें ‘जाफराबाद, जुना तट’ एवढेंच लिहिलेलें चित्र पन्नास वर्षांनीं कोणाच्या हातीं पडलें, तर आपली पूर्णाकांठची भिंत तो खुशाल समुद्राकांठीं नेऊन उभी करील.