नावं ठेवण्याचा हक्क

नावं ठेवणं हा मराठी माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. बँकेच्या काउंटरमागे बसून मी तो रोज अनुभवतो. पण पोटच्या पोरीचं नाव ठेवायला कंपनीची परवानगी लागते, हे ज्ञान मला २०२४ साली इंग्लंडातल्या एका बातमीनं दिलं.

तिथल्या एका सहा वर्षांच्या मुलीचं नाव खलीसी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या टीव्ही मालिकेतल्या राणीची ही पदवी. आईबापांना आवडली, त्यांनी ठेवली. पुढं सहलीचा बेत ठरला, पासपोर्टसाठी अर्ज गेला आणि कचेरीनं कळवलं : या नावाचं व्यापारचिन्ह वॉर्नर ब्रदर्स कंपनीकडे आहे, तिचं परवानगीपत्र आणा!

आता पत्र मागितलं कुणी? कंपनीनं नव्हे, माझ्याच एका इंग्रज भाऊबंदानं! आमचा गोतावळा मला ठाऊक आहे. शंका आली की आम्ही आणखी एक कागद मागतो. नियम कळला नाही की तो जास्तच कडक लावतो. जोडे झिजतात ते समोरच्याचे.

बरं, नियम तरी काय? मी कॉमर्सचा पदवीधर. मर्कंटाइल लॉमध्ये काठावर का होईना, पास झालेला. व्यापारचिन्ह हे मालावर असतं. कुणी खलीसी नावाच्या बाहुल्या विकल्या, तर कंपनीनं त्याला खुशाल कोर्टात खेचावं. पण पोरगी म्हणजे माल नव्हे! आपल्या १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याचं ३५वं कलमही सांगतं, की प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला अडवता येत नाही. १९९४च्या ब्रिटिश कायद्यातही तशी सोय आहे.

आणि गोष्टीतलं नाव पाळण्यात जाणं हे काय आजचं आहे? इंग्लंडात ‘वेंडी’ हे नाव रूढ झालं ते जे. एम. बॅरीच्या १९०४ सालच्या ‘पीटर पॅन’ नाटकामुळं. त्याचे हक्क बॅरीनं १९२९ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या इस्पितळाला देऊन टाकले. पण तिथं तपासायला आलेल्या एखाद्या वेंडीला ‘आधी नावाचं भाडं भर, मग जीभ दाखव’ असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

शेवटी पासपोर्ट कचेरीनं माफी मागितली. तो नियम म्हणे फक्त नाव बदलून घेणाऱ्यांसाठी होता! झालं, मिटलं. पण माझं काही मिटत नाही. मालकानं हक्क सांगण्याआधीच त्याच्या वतीनं कमरेत वाकणारे आम्ही, मालकापेक्षा जास्त धोक्याचे. लेखकानं पात्र घडवावं, कंपनीनं त्यावर पैसा करावा. पण आईनं दारातून हाक मारली आणि पोर ‘आले गं’ म्हणत धावलं, की त्या घरात ते नाव त्या पोराचं. तिथं दुसऱ्या कुणाची मालकी चालत नाही.

परवा एक बाई लेकीचं खातं उघडायला आल्या. नाव थेट मालिकेतलं. सगळे कागद जागच्या जागी होते, तरी ‘आणखी एक कागद लागेल’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि मुकाट्यानं शिक्का मारला. नावाला मनातल्या मनात नावं ठेवली, ती गोष्ट वेगळी. तो हक्क मी सोडणार नाही.