कागदावरून पुसलेली माणसे

फ्रान्सच्या दक्षिणेला सेव्हेन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या जुन्या शेतघरांना लागून घरगुती कबरी दिसतात. गावात कब्रस्तान असताना लोकांनी आपली माणसे स्वतःच्या रानात का पुरली? या प्रश्नाचे उत्तर 1685 सालात आहे.

हे लोक ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट. 1598 मध्ये राजा चौथ्या हेन्रीने नांतच्या फर्मानाने त्यांना मर्यादित धर्मस्वातंत्र्य दिले. त्याचा नातू चौदावा लुई याने ऑक्टोबर 1685 मध्ये ते फर्मान रद्द केले. प्रार्थनाघरे पाडण्याचा हुकूम निघाला. पास्टरांनी पंधरा दिवसांत धर्म बदलायचा, नाहीतर देश सोडायचा. सामान्य माणसाला मात्र देश सोडण्याचीही मुभा नव्हती. पळताना सापडला तर पुरुषाला जहाजावर वल्ही मारायची शिक्षा, बाईला कैद. मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक पाद्र्याकडूनच करायचा. तरीही साधारण दीड ते दोन लाख माणसे निघून गेली. जी राहिली ती सरकारच्या लेखी प्रोटेस्टंट उरलीच नाहीत. कॅथलिक कब्रस्तानात जागा नाही आणि स्वतःचे कब्रस्तान ठेवायला परवानगी नाही, म्हणून रानातल्या कबरी. 1787 मध्ये सोळाव्या लुईच्या फर्मानाने त्यांच्या जन्म, लग्न आणि मृत्यूची कायदेशीर नोंद सुरू झाली. मधली शंभर वर्षे ही माणसे कागदावर नव्हती.

मग अशा लोकांचा इतिहास शोधायचा कुठे? माझे म्हणणे असे की, कुठल्याही लहान समाजाने या प्रश्नाचे फ्रान्समधले उत्तर नीट पाहावे.

पहिली जागा म्हणजे छळणाऱ्याचे दफ्तर. 1685 ते 1718 या काळात लांगदोक प्रांतावर राजाचा अधिकारी म्हणून बासव्हील होता. गुप्त प्रार्थनासभा पकडणे, जबान्या घेणे, शिक्षा देणे हे त्याच्या राज्यात चालले. त्या कारभाराची कागदपत्रे आज माँपेलिएच्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत. पळालेल्यांच्या जप्त मालमत्तेचे कागद राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. ज्या सत्तेने ही माणसे नाहीत असे जाहीर केले, तिनेच त्यांची नावे, गावे आणि मिळकती लिहून ठेवल्या! कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांतही त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे सापडतात. अशा कितीतरी नोंदवह्या आता घरबसल्या संगणकावर वाचता येतात.

मात्र हे कागद वाचताना शब्दांवर नजर ठेवावी लागते. मी भाषा शिकवतो, म्हणून मला हे फार महत्त्वाचे वाटते. सरकारी कागदात ह्युगेनॉटांच्या धर्माचा उल्लेख ‘तथाकथित सुधारलेला धर्म’ असा होई. 1685 नंतर ते ‘नवधर्मांतरित’ झाले. 1702 मध्ये सेव्हेनमधले शेतकरी आणि लोकर विंचरणारे बंड करून उठले, तेव्हा सरकारने त्यांना ‘माथेफिरू’ म्हटले. इतिहासात आपण त्यांना कामिसार म्हणून ओळखतो. दफ्तरातली हकीकत घ्यावी, पण दफ्तराने दिलेले नाव जसेच्या तसे उचलू नये.

दुसरी जागा म्हणजे त्या लोकांनी स्वतः जपलेले कागद. चोरून फिरणाऱ्या पास्टरांच्या लग्न-बाप्तिस्म्याच्या वह्या, नोटरीकडचे विवाहकरार, पत्रे. मारी दुरां ही बाई, भाऊ पास्टर होता म्हणून 1730 मध्ये एग-मोर्तच्या बुरुजात कैद झाली आणि 38 वर्षांनी, 1768 मध्ये सुटली. तिची पत्रे आज आहेत. त्याच बुरुजात दगडावर ‘प्रतिकार करा’ या अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे. लोक म्हणतात तो तिनेच कोरला. त्याला पुरावा नाही. पत्रांना आहे. श्रद्धेने सांगितलेली गोष्ट आणि हाताने लिहिलेला कागद यांत हा फरक असतो, आणि तो सांगितल्याने मारी दुरां लहान होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. 1572 मध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी पॅरिसमध्ये ह्युगेनॉटांची कत्तल झाली, हे सगळे सांगतात. पण 1567 मध्ये नीम शहरात प्रोटेस्टंटांनी कॅथलिक पाद्री आणि नागरिक मारले होते. कामिसारांनीही चर्च जाळली, माणसे मारली. 1703 मध्ये राजाच्या सैन्याने सेव्हेनमधली गावेच्या गावे उद्ध्वस्त केली, हेही तितकेच खरे. पहिले लपवून दुसरे सांगणाऱ्याचे दुसरेही कुणी खरे मानत नाही. आपल्या बाजूचे रक्त मोजताना आपल्या हातांवरचे रक्त वगळले, तर उरतो तो इतिहास नसून वकिली असते.

या समाजाने रडगाण्यावर भागवले नाही. ऑंत्वान कूर या पास्टरने अठराव्या शतकातच कागद गोळा करून कामिसारांचा इतिहास लिहिला. 1852 मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंट इतिहासासाठी संस्था उभी राहिली. पुढे बंडाचा पुढारी रोलां याच्या गावातल्या घरात संग्रहालय झाले. हे काम सरकारने करून दिले नाही, समाजाने केले.

आम्हाला इतिहासात जागा नाही, ही तक्रार अनेक समाज करतात, आणि ती बहुतेकदा खरीही असते. पण तक्रारीच्या पुढचे काम कष्टाचे आहे. घरातला कागद वाळवीपासून वाचवायचा, आजोबांची लिपी शिकून घ्यायची, विरोधकाचे दफ्तर न चिडता वाचायचे, आणि त्यात आपल्याविरुद्ध काही निघाले तर तेही लिहायचे. असा इतिहास पुसायला फर्मान पुरत नाही.