‘शिक्षा’ पूर्ण झाली म्हणजे काय झाले?

इंदूर हे महाराष्ट्राच्या सीमेला लागून नाही. तरीही सीमेपलीकडील मराठीची अवस्था जाणून घ्यावयाची असेल, तर तेथील बोली ऐकावी. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी झालेल्या या नगरीने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरविली. मराठी तेथे पाहुणी नव्हे.

तेथील असोत वा आपली, मराठी मुले आज इंग्रजीतील समोच्चारी शब्द घोकतात. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे प्राचार्य असेल तर शेवटी ‘ए-एल’, तत्त्व असेल तर ‘एल-ई’. ‘स्टेशनरी’ म्हणजे स्थिर असेल तर ‘ए’, लेखनसाहित्य असेल तर ‘ई’. ही दक्षता योग्यच आहे. आमचा प्रश्न एवढाच, की ती मराठीच्या वाट्याला का येत नाही?

हिंदी-मराठीची लिपी एक, संस्कृतचे ऋणही समान; म्हणूनच फसगत अधिक. ‘मुलाची शिक्षा पूर्ण झाली’ या वाक्यात हिंदी कानाला पदवी ऐकू येते, मराठी कानाला तुरुंगातून सुटका. हिंदीतील ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, मराठीतील ‘आपत्ती’ म्हणजे संकट. तेथे ‘चेष्टा’ हा प्रयत्न, येथे थट्टा. तेथे ‘यातायात’ ही रहदारी, येथे दगदग.

यावर म्हटले जाते, की शेजारभाषेचे शब्द येणारच. आम्हांस ते मान्य आहे. फारसीमार्गे ‘हरकत’ आली, पोर्तुगीजांकडून ‘चावी’ आली. मराठी त्याने समृद्धच झाली. परंतु नवा शब्द घेणे निराळे आणि घरातील शब्दाचा अर्थच गमावणे निराळे. ‘शिक्षा’ अभ्यासाच्या जागी बसली, की ‘शिक्षण’ बेघर होते आणि दंडासाठी ‘सजा’ उसनी आणावी लागते.

महाराष्ट्रातील नातलगांनाही आमचे सांगणे आहे: अशा वाक्याला हसू नका. हसण्याने शब्द सुधारत नाही. मूल मात्र पुढच्या वेळी हिंदीतच बोलते. त्याला योग्य शब्द द्या. आणि सीमेपलीकडील पालकहो, इंग्रजी जोड्यांच्या वहीतच हिंदी-मराठी जोड्यांचे एक पान राखा. परभाषेचे एक अक्षर चुकले तर गुण जातात; स्वभाषेचा अर्थ चुकला तर आजी आणि नातू एकमेकांना दुरावतात.