कैलास आधी, बाकी नंतर

सुट्टीत वेरूळला जाणार असाल, तर सूर्योदयाला फाटकावर उभे राहा. छत्रपती संभाजीनगर तीसेक किलोमीटरवर. तिथून सहलीच्या बसगाड्या येईपर्यंत कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं, जवळपास तुमचंच असतं. माथ्यापासून खाली कोरत आणलेलं हे देऊळ गर्दीच्या रेट्यात पाहणं म्हणजे न पाहणंच. गर्दी वाढली की उत्तरेकडच्या जैन लेण्यांकडे वळावं. तिथं ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत वरच्या मजल्यावर छतातलं कमळ मान दुखेपर्यंत पाहता येतं, मागून कुणी ढकलत नाही. बहुतेक जण कैलास पाहूनच परततात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सगळी ३४ लेणी एका दिवसात उरकायचा हट्ट मात्र धरू नये. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा. श्रावणी सोमवार टाळाच, कारण शेजारी घृष्णेश्वराला भाविकांची रीघ लागते आणि रस्ता तुंबतो. दहावं लेणं दिवसाच्या शेवटी ठेवा: ते पश्चिमाभिमुख आहे, उतरतं ऊन चैत्यगृहात शिरतं आणि लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या दगडी फासळ्या स्पष्ट दिसतात.