अंगठीलाही बियाण्यासारखा टॅग बघा

भात घरात आले, तुळशीचे लग्न लागले, की आपल्या दिघी परिसरात साखरपुड्यांची गडबड सुरू होते. जेवणावळ किती पानांची, यावर चार-चार दिवस खल होतो. अंगठी मात्र अर्ध्या तासात उरकतात. नक्षी बरी दिसली की झाले! शेतीखात्याच्या माणसाने सोन्यावर कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण पैसा भाताचा, सुपारीचा नि मासळीचा असतो, म्हणून बोलतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळात आपल्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. अशा वेळी घरातला सोन्याचा डाग कामी येतो. अंगठी ही शोभेची वस्तू खरीच, पण ती अडीनडीची पुंजीही आहे.

मग धातू कोणता घ्यावा? चांदी स्वस्त, पण गंधकाने ती काळी पडते. आंब्यावर भुरीसाठी गंधक फवारणाऱ्याच्या बोटात ती उजळ राहणे कठीण. मुंबईला नोकरीला असलेली मुले हल्ली प्लॅटिनम मागतात. ते काळे पडत नाही हे खरे. पण सोने १०६४ अंशांवर वितळते, तर प्लॅटिनमला सुमारे १७६८ अंश लागतात. गावच्या सोनाराचे ते काम नव्हे. अंगठी सैल झाली किंवा मोडायची वेळ आली तर शहर गाठावे लागते. सोनेतारण कर्जालाही ती चालत नाही.

तेव्हा सोनेच बरे. त्यात २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, तर १८ कॅरेट म्हणजे ७५० भाग. चार ग्रॅमच्या अंगठीत पहिल्यात सुमारे ३.६६ ग्रॅम सोने असते, दुसऱ्यात ३ ग्रॅम. १८ कॅरेट कठीण असते, कमी झिजते. खडा बसवायचा तर तेच घ्यावे. पण खड्याचे वजन तारणात धरत नाहीत. म्हणून माझे मत, २२ कॅरेटची साधी, बिनखड्याची, जरा जाड अंगठी घ्या. आणि जाळे ओढताना, दोर सोडताना, यंत्राजवळ काम करताना ती काढून ठेवा. अंगठी अडकली तर बोट जाते.

आता खरा मुद्दा. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर आपण निळा टॅग बघतो ना? तसेच इथे करा. भारतीय मानक ब्युरोची त्रिकोणी खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक, या तीन गोष्टी भिंग मागून बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे सोने या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. 'बीआयएस केअर' या मोबाईल अॅपमध्ये क्रमांक घातला की शुद्धता नि सराफाची नोंद दिसते. कस कमी निघाला तर जितके सोने कमी, त्याच्या फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. पण पावती हवी! तीवर वजन, कॅरेट नि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. "पावती कशाला, घरचेच आहात" असे कोणी म्हटले तर घरच्या माणसाकडूनच आधी मागा.

मात्र एक गोम आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणजे ज्याची ऐपत दीड ग्रॅमची, त्यालाच कायद्याचे पाठबळ नाही! ज्याला एक गुंजही फसणे परवडत नाही, तोच उघडा पडतो. ही सूट काढली पाहिजे, असे मला स्पष्ट वाटते. तोवर थोडे थांबून, पैसे साठवून, दोन ग्रॅमच्या वरचीच अंगठी घ्यावी. जेवणावळीतली दहा पाने कमी केली तर कोणी नावे ठेवणार नाही, आणि ठेवली तरी चार दिवस.

सरपंच आणि ग्रामसेवकांना विनंती की, हॉलमार्कच्या त्या तीन खुणा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहाव्यात, बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवाव्यात. आणि पीककर्ज काढून अंगठी करू नका. ते पैसे खताचे आहेत. खताच्या पैशांची अंगठी पुढच्या पावसाळ्यात सोनाराकडेच परत जाते.