बी.ई.नंतरची रिकामी बाके

जून-जुलै आला की सोलापुरात बुधवार पेठेपासून मिलिंदनगरापर्यंत एकच विचारपूस सुरू होते. 'पोराचा नंबर कुठे लागला?' मेकॅनिकलला लागला असे कळले की पेढे वाटले जातात. आम्हालाही आनंद होतो, का होऊ नये? ज्या घरात आजोबांनी अंगठा उठवला, त्या घरातला नातू इंजिनिअर होतो आहे. पण चार वर्षांनी त्याच घरात जाऊन 'आता एम.टेक.चे काय?' असे विचारणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. मुलगा बी.ई. होतो आणि चाकणच्या एखाद्या कंपनीत कंत्राटावर चिकटतो, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या क्लासची वाट धरतो. आम्ही त्याला दोष देत नाही. घरात कमावता हात एक आणि खाणारी तोंडे सहा असतील, तर आणखी दोन वर्षे शिकण्याची भाषा चैनीची वाटणारच. तरीही हा प्रश्न त्या एका घराचा नाही, साऱ्या चळवळीचा आहे, आणि म्हणूनच तो आम्ही येथे मांडत आहोत.

सोलापूर हे यंत्रांचे गाव. १८७० च्या दशकात येथे सूत-कापडाची गिरणी उभी राहिली. पुढे ती 'जुनी मिल' झाली आणि मग बंदही पडली. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण यंत्रे थांबली नाहीत. चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत, जिल्हाभर साखर कारखाने आहेत, कुर्डुवाडीला रेल्वेचे वर्कशॉप आहे, मोटारींच्या इंजिनात लागणारे कॅमशाफ्ट याच शहरातून परदेशी जातात. या सगळ्यात आमच्या माणसांचा घाम आहे. प्रश्न घामाचा नाही, जागेचा आहे. यंत्रापुढे आमची जागा कोणती?

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार जास्त होता तो नेमका याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारला होता. आता गंमत पाहा. धोट्यात दोरा ओवण्याची रीत बदलणे हे यंत्ररचनेचे काम आहे, तोंड न लावता चालणारा धोटा बनवता येतो. पण तो बनवायला जो टेबलाशी बसतो, त्याला विटाळाची झळ लागलेली नसते. आणि ज्याला ती लागलेली असते, तो टेबलापर्यंत पोहोचलेला नसतो.

हे जुने झाले म्हणाल, तर गटाराकडे पाहा. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. त्याच २०२३ मध्ये आपल्या देशाने चंद्रावर यान उतरवले. चंद्राच्या दक्षिण भागात अलगद उतरण्याचे गणित सुटले, पण रस्त्याखाली दहा-पंधरा फुटांवर माणूस न उतरवता गाळ काढण्याचे गणित गावोगाव अजून अडून आहे. ते सुटत नाही असे मुळीच नाही. केरळात कुट्टिप्पुरमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या तरुणांनी 'बँडिकूट' नावाचे मॅनहोल साफ करणारे यंत्र बनवले आणि २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये ते कामालाही लागले. पोलादी हात, कॅमेरे, विषारी वायू ओळखणारे सेन्सर, यातले काहीही एम.टेक.च्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे नाही. मग इतकी वर्षे हा कुणाच्या प्रबंधाचा विषय का झाला नाही? कारण संशोधनाचा विषय विद्यार्थी आणि त्याचा मार्गदर्शक ठरवतात, आणि त्या दोघांच्याही घरातले कुणी गटारात उतरलेले नसते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह काढले ते याच सोलापुरात, जानेवारी १९२५ मध्ये. पण ते हायस्कुलावर थांबले नाहीत. १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांना विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या कला शाखेच्या आणि वकिलीच्या पदव्यांनी भागणार नाही, हे स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस सांगत होता! १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तिच्यावर आमच्या तीन पिढ्या शिकल्या. निवेदनातल्या त्या दुसऱ्या भागाचे, तंत्रज्ञानाच्या वरच्या टोकाचे काय झाले, हे मात्र आम्ही फारसे विचारले नाही.

याची किंमत राखीव जागांतही मोजावी लागते. तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे अभियांत्रिकीत सहायक प्राध्यापक व्हायला एम.ई. किंवा एम.टेक. लागते, त्यावरच्या पदाला पीएच.डी. आयआयटीतल्या तांत्रिक विषयांच्या अध्यापकपदांना आरक्षण लागू व्हायला २००८ साल उजाडावे लागले, आणि केंद्रीय संस्थांतल्या अध्यापकपदांसाठी २०१९ साली संसदेने कायदा केला. कायदा झाला, पण 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा शेरा मारायची सवय गेली का? हा शेरा पुष्कळदा लबाडीचा असतो, हे आम्ही जाणतो. पण अर्जांची फाईल खरोखरच रिकामी ठेवून आपण त्या लबाडीला आयते कोलीत का द्यावे?

अडचणी खऱ्या आहेत. फेलोशिप जाहीर होते आणि पैसे येत नाहीत. बार्टीच्या फेलोशिपसाठी आमची संशोधक मुले २०२३ साली आझाद मैदानावर बसली होती. प्रयोगशाळेत असायचे दिवस त्यांनी तिथे घालवले. २०१६ साली रोहित वेमुला गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. मार्गदर्शक निवडताना आडनाव वाचले जाते, हेही आम्ही ऐकून आहोत. त्यात मेकॅनिकलकडचा ओढा आटला आहे, जो तो संगणकाच्या मागे आहे. खासगी महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांचे पगार रखडतात, हे पाहून कुणाला एम.टेक. करावेसे वाटेल? शासनाला याचा जाब विचारलाच पाहिजे, आणि निवेदन देऊन फोटो काढण्यापुरता नव्हे.

पण काही गोष्टी आमच्याच हातात आहेत. वालचंद तंत्रशास्त्र संस्था सोलापुरात १९८३ पासून आहे. २००४ साली जिल्ह्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, ते आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने चालते. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ तर बाबासाहेबांच्याच नावाचे, आणि महाडपासून जवळ. चवदार तळ्यावर दरवर्षी गाड्या भरून जाणाऱ्यांपैकी किती जणांनी वाटेत उतरून तिथल्या प्रयोगशाळा मुलांना दाखवल्या? गेट परीक्षेला आमच्या मुलांना शुल्क निम्मे आहे आणि पात्रतेचे गुणही कमी. गेट पात्र होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतला, तर तंत्रशिक्षण परिषदेची दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. बी.ई. झालेल्या आमच्या कितीतरी मुलांना ही साधी माहिती नसते. त्यांना ती सांगायला मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

सोलापूरची जयंती मोठी, मिरवणूक मोठी, आणि डॉल्बीची भिंतही मोठी. एका मंडळाने एका वर्षी डॉल्बी वगळला, तर त्या पैशात विहारात गेटचा वर्ग चालतो. पुस्तके, जुन्या प्रश्नपत्रिका, दोन संगणक आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवणारा एखादा निवृत्त इंजिनिअर, एवढ्यावर भागते. असे निवृत्त लोक रेल्वेत, वीज मंडळात, साखर कारखान्यांत आमच्याच समाजात आहेत. त्यांना आजवर आपण फक्त वर्गणी मागितली. गेटचे अर्ज साधारण ऑगस्टअखेर सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. ज्या मंडळांना हा वर्ग सुरू करायचा आहे, त्यांनी जागेचा आणि शिकवणाऱ्याचा निर्णय या महिन्यातच घ्यावा. बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या वस्तीतल्या मुला-मुलींची यादी करायला एक रविवार पुरतो.